चुकलेल्या उत्तरामागील विचार

दुसरीच्या वर्गात संख्यालेखन चालले आहे, अशी कल्पना करा. गुरुजी संख्या सांगत आहेत आणि मुले पाटीवर लिहीत आहेत. "बावन्न," गुरुजी म्हणतात. पाट्या पाहू लागताच त्यांच्या ध्यानात येते की, चारपाच मुलांनी २५ लिहिले आहे. ते त्या पाट्यांवर फुली मारतात आणि पुढची संख्या सांगतात. त्या फुलीने मुलाला एवढेच कळते की, आपले चुकले. कोठे चुकले हे त्याला कळत नाही, आणि त्याने नेमके २५ च का लिहिले हे गुरुजींनाही कळत नाही.

वस्तुतः त्या मुलाने कान देऊन ऐकले होते. 'बावन्न' या शब्दातील 'बा' म्हणजे दोन. तो आधी कानी पडतो. 'वन्न' म्हणजे पन्नास. तो नंतर येतो. जे आधी ऐकले ते आधी लिहावे, असा सरळ तर्क मुलाने केला. आकड्यांत लिहिताना मात्र दशक आधी व एकक नंतर लिहावयाचा असतो. ऐकण्याचा क्रम आणि लिहिण्याचा क्रम उलटे आहेत, ही गोष्ट त्याला कोणी सांगितली नव्हती. ज्याने काहीच विचार केला नाही, त्याने कोणताही आकडा लिहिला असता. या मुलाने २५ लिहिले, कारण त्याने विचार केला होता.

विचार, समस्येची उकल आणि भाषा यांचा परस्परसंबंध हा मानसशास्त्रातील एक मूलभूत प्रश्न आहे. या विषयावर गेल्या शंभर वर्षांत पुष्कळ संशोधन झाले आहे. हा विषय केवळ पंडितांचा आहे असे मात्र समजू नये. पहिली-दुसरीच्या वर्गात ज्या मुलावर 'मंद' असा शिक्का बसतो, त्याची शाळेवरील श्रद्धा तेथेच उडू लागते. तो शिक्का बसण्यापूर्वी मुलाच्या मनात काय चालले होते, हे पाहण्याची दृष्टी शिक्षकांना, शिक्षण खात्याच्या अधिकाऱ्यांना आणि गावच्या कारभाऱ्यांना यावी, या हेतूने या संशोधनाचा थोडक्यात परिचय येथे करून दिला आहे.

विचार केव्हा सुरू होतो?

आपण दिवसभर जे काही करतो, त्यातील बहुतेक गोष्टी सवयीने होतात. रोजच्या वाटेने शेतावर जाणाऱ्या माणसाला वाटेचा विचार करावा लागत नाही. अनोळखी प्रदेशात एका वाटेच्या दोन वाटा झाल्या म्हणजे मात्र तो थांबतो, इकडेतिकडे पाहतो, खुणा शोधतो आणि मग ठरवितो. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ जॉन ड्युई यांनी १९१० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात विचाराचा उगम सांगताना दुभंगलेल्या वाटेचाच दाखला दिला आहे. जेथे अडचण आहे तेथे विचार आहे. अडचणच समोर नसेल, तर पाठांतर होईल, विचार होणार नाही.

अडचणीतून मार्ग कसा निघतो, याचे एक प्रसिद्ध उदाहरण जर्मन मानसशास्त्रज्ञ वोल्फगांग क्योलर यांनी दिले आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात टेनेरिफ या बेटावर ते चिंपांझी वानरांवर प्रयोग करीत होते. सुलतान नावाचा चिंपांझी पिंजऱ्यात होता. केळे बाहेर, हाताला न लागणारे. पिंजऱ्यात वेताच्या दोन काठ्या ठेवल्या होत्या, परंतु कोणतीही एक काठी केळ्यापर्यंत पोहोचत नव्हती. सुलतानाने तासाभराहून अधिक वेळ खटपट केली आणि नाद सोडला. पुढे त्या काठ्यांशी सहज खेळत असता दोन्ही एका रेषेत आल्या, तेव्हा त्याने बारीक काठी जाड काठीच्या पोकळ टोकात घातली आणि लगेच धावत जाऊन केळे ओढून घेतले. क्योलर यांनी १९१७ साली हे प्रयोग प्रसिद्ध केले. विखुरलेल्या गोष्टींतील संबंध एकदम ध्यानात येणे, यास मानसशास्त्रात मर्मदृष्टी असे म्हणतात. मात्र मर्मदृष्टी रिकाम्या हाताला लाभत नाही. सुलतानाने आधी तासभर खटपट केली होती आणि काठ्या त्याच्या हातात होत्या, हे विसरता कामा नये.

माणसाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडते. कार्ल डुंकर यांच्या एका प्रयोगात लोकांना मेणबत्ती, काड्यांची पेटी आणि टाचण्यांनी भरलेली खोकी दिली जात असे. मेणबत्ती भिंतीवर लावावयाची. उत्तर सोपे आहे. खोके रिकामे करावे, ते भिंतीला टाचावे आणि त्यावर मेणबत्ती उभी करावी. तरीही पुष्कळांना ते सुचत नसे. खोके म्हणजे टाचण्या ठेवण्याची वस्तू, एवढेच त्यांच्या मनात बसलेले असे. तेच खोके रिकामे दिले की उत्तर लवकर सापडे. १९६६ साली ग्लक्सबर्ग व वाइसबर्ग या दोन संशोधकांनी या प्रयोगात एक लहानसा बदल केला. खोके, टाचण्या, मेणबत्ती अशी प्रत्येक वस्तूची नावे त्यांनी वेगवेगळी लिहून दाखविली. तेवढ्यानेही उत्तर पुष्कळ लवकर मिळू लागले. खोक्याला स्वतःचे नाव मिळताच ते टाचण्यांपासून मनात सुटे झाले. नाव देणे हे विचाराचे पहिले हत्यार आहे, असे यावरून म्हणावयास हरकत नाही.

भाषा येते कशी?

मूल भाषा कशी शिकते, याचे उत्तर 'अनुकरणाने' असे सामान्यतः दिले जाते. ते अर्धेच खरे आहे. सहाव्या महिन्याच्या सुमारास मूल 'बाबाबा', 'दादादा' असे आवाज काढू लागते. वर्षाच्या आसपास पहिला अर्थपूर्ण शब्द येतो. दीड ते दोन वर्षांच्या दरम्यान ते दोन शब्द जोडते. 'बाबा भूर' या दोन शब्दांत कर्ता आहे, क्रिया आहे आणि त्याच्या दृष्टीने संपूर्ण बातमी आहे. तीन-चार वर्षांचे मूल व्याकरणाची पुष्कळशी अंगे सहज वापरू लागते.

या वयातील मुलांच्या 'चुका' लक्ष देऊन ऐकण्यासारख्या असतात. "मी आंघोळ करली," असे मूल म्हणते. घरातील एकही मोठा माणूस 'करली' असे म्हणत नाही. मग मुलाने हे कोठून ऐकले? त्याने ते ऐकले नाही, तयार केले. बस-बसली, पड-पडली, हस-हसली, तर कर-करली. कोणी न शिकविता मुलाने भूतकाळाचा नियम शोधून काढला आणि तो लागू केला. 'केली' हा अपवाद त्याला अजून ठाऊक नाही, इतकेच. १९५८ साली जीन बर्को या संशोधिकेने इंग्रजी बोलणाऱ्या लहान मुलांना एका काल्पनिक प्राण्याचे चित्र दाखविले, त्यास 'वग' असे नाव दिले आणि नंतर असे दोन प्राणी दाखवून "हे कोण?" असे विचारले. पूर्वी कधीही न ऐकलेल्या त्या शब्दाचे अनेकवचन बहुतेक मुलांनी बिनचूक केले. 'वग' हा शब्द नवीन असल्यामुळे त्याचे अनेकवचन पाठ असण्याचा प्रश्नच नव्हता.

पाटीवर २५ लिहिणारे मूल आणि 'आंघोळ करली' म्हणणारे मूल यांच्यात तत्त्वतः फरक नाही. दोघांनीही नियम बांधला आहे. घरी आपण दुसऱ्याचे कौतुक करतो आणि शाळेत पहिल्याला फुली देतो.

स्वतःशी बोलणारे मूल

चार-पाच वर्षांचे मूल एकटे खेळताना सारखे बडबडत असते. "आता ही गाडी इथं ठेवायची... नाही, पडेल... दगड लावू या." कोणाशी बोलते आहे? कोणाशीच नाही. स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी १९२३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या बोलण्याचा सविस्तर अभ्यास केला व त्यास आत्मकेंद्री वाचा असे नाव दिले. दुसऱ्याची दृष्टी मुलाला अजून आलेली नसते, म्हणून ते असे बोलते आणि मोठे होताच ते बोलणे मावळते, असे त्यांचे म्हणणे होते.

पियाजे यांच्याच वर्षी, म्हणजे १८९६ साली, रशियात लेव्ह व्हिगॉट्स्की यांचा जन्म झाला. क्षयरोगाने १९३४ साली, वयाच्या अवघ्या ३७ व्या वर्षी, ते निवर्तले. विचार आणि भाषा या विषयावरील त्यांचा ग्रंथ त्याच वर्षी प्रसिद्ध झाला. व्हिगॉट्स्की यांनी मुलांच्या कामात मुद्दाम अडचणी निर्माण केल्या. मूल चित्र काढू लागले की कागद नाही, हवी ती रंगीत पेन्सिल नाही. अशा वेळी मुलांचे स्वतःशी बोलणे जवळजवळ दुप्पट झाल्याचे त्यांना आढळले. साडेपाच वर्षांचा एक मुलगा ट्रामगाडीचे चित्र काढीत होता. चाक काढताना पेन्सिलीचे टोक मोडले. "मोडले," असे तो स्वतःशीच पुटपुटला, पेन्सिल बाजूला ठेवून त्याने रंगाचा कुंचला घेतला आणि अपघातात मोडलेली ट्रामगाडी काढावयास सुरुवात केली. तोंडून निघालेल्या एका शब्दाने त्याच्या कामाची दिशाच बदलली.

यावरून व्हिगॉट्स्की यांनी असा निष्कर्ष काढला की, हे बोलणे हा विचाराचा आधार असतो. मोठ्या माणसांशी बोलता बोलता मूल बोलणे शिकते, मग तेच बोलणे स्वतःसाठी वापरते आणि पुढे ते आत वळून अंतर्वाचा बनते. सात-आठ वर्षांनंतर ऐकू न येणारे ते बोलणे नाहीसे झालेले नसते. ते मनात चालू असते. अवघड हिशेब करताना किंवा हरवलेली किल्ली शोधताना मोठी माणसेही पुटपुटतात, हा अनुभव कोणास नाही?

हा विचार मान्य केला, तर वर्गातील शांततेकडे वेगळ्या दृष्टीने पाहावे लागते. हाताची घडी आणि तोंडावर बोट ही शिस्तीची खूण म्हणून आपण पिढ्यान्पिढ्या मानीत आलो. गोंगाट कोणासही नको आहे. परंतु गणित सोडविताना पुटपुटणाऱ्या सहा-सात वर्षांच्या मुलाला गप्प केले, तर आपण त्याच्या हातातील काठीच काढून घेतो.

प्रश्न कळला नाही, की उत्तर आले नाही?

पियाजे यांचा पाण्याचा प्रयोग प्रसिद्ध आहे. सारख्या आकाराच्या दोन पेल्यांत सारखे पाणी घ्यावे. मूल 'दोन्हींत सारखे' असे सांगते. मग त्यातील एका पेल्यातील पाणी त्याच्यादेखत उंच व अरुंद पेल्यात ओतावे आणि पुन्हा विचारावे. पाच वर्षांचे मूल बहुधा 'उंच पेल्यात जास्त' असे उत्तर देते. सातव्या वर्षाच्या सुमारास हे उत्तर बदलते. लहान मुलाचा विचार मोठ्याच्या विचाराहून निराळ्या घडणीचा असतो, हे पियाजे यांनी अशा प्रयोगांनी दाखवून दिले. हा त्यांचा मोठा उपकार होय.

मात्र १९७४ साली जेम्स मॅकगॅरिगल व मार्गारेट डोनाल्डसन यांनी स्कॉटलंडमध्ये असाच एक प्रयोग जरा निराळ्या रीतीने केला. सारख्या संख्येच्या सोंगट्यांच्या दोन ओळी मांडल्या. त्यातील एक ओळ प्रौढ माणसाने मुद्दाम लांबविण्याऐवजी एका खोडकर खेळण्यातील अस्वलाने येऊन विस्कटली, असा बनाव केला. आता 'दोन्ही ओळी सारख्या' असे अचूक उत्तर देणाऱ्या मुलांची संख्या कितीतरी पटींनी वाढली. याचे कारण काय असावे? मोठ्या माणसाने काही बदल केला आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला, तर 'यांना निराळे उत्तर हवे आहे' असे मूल समजते. म्हणजे मूल आपल्या शब्दांबरोबर आपला हेतूही वाचीत असते. आपल्या वर्गात एकच प्रश्न दुसऱ्यांदा विचारताच मूल आपले बरोबर उत्तर बदलते, हा अनुभव शिक्षकांना नवा नाही.

शाळेतील प्रश्नाची भाषा ही एक विशेष भाषा आहे, हे अलेक्झांडर लूरिया यांच्या अभ्यासातूनही दिसते. १९३१ व १९३२ साली त्यांनी उझबेकिस्तानातील खेड्यांत निरक्षर शेतकऱ्यांना काही कोडी घातली. उत्तरेकडील बर्फाळ प्रदेशात सर्व अस्वले पांढरी असतात. अमुक ठिकाण त्या प्रदेशात आहे. तर तेथील अस्वले कोणत्या रंगाची? पुष्कळांचे उत्तर असे की, आम्ही तेथे गेलो नाही, जे पाहिले नाही त्याविषयी कसे सांगावे? हेच लोक आपल्या शेतीच्या व व्यवहाराच्या गोष्टींत तर्कशुद्ध बोलत. 'प्रश्नात दिले आहे तेवढेच खरे धरून उत्तर दे' हा शाळेचा संकेत त्यांना ठाऊक नव्हता. ज्या घरातून पहिल्यांदाच मूल शाळेत आले आहे, त्या मुलालाही तो ठाऊक नसतो. तो शिकवावा लागतो.

शाब्दिक उदाहरणांत याचा प्रत्यय नेहमी येतो. "रामूजवळ सीतेपेक्षा ५ बोरे जास्त आहेत. रामूजवळ १२ बोरे आहेत. तर सीतेजवळ किती?" 'जास्त' हा शब्द दिसताच पुष्कळ मुले बेरीज करून १७ असे उत्तर देतात. त्यांना वजाबाकी येत नाही असे नाही. वाक्य कळलेले नाही. गणितज्ञ ग्यॉर्गी पॉलिआ यांनी १९४५ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात समस्या सोडविण्याच्या चार पायऱ्या सांगितल्या आहेत: समस्या समजून घेणे, बेत आखणे, बेताप्रमाणे करणे आणि मागे वळून पाहणे. आपल्या वर्गांत बहुतेक वेळ तिसऱ्या पायरीवर जातो. पहिली पायरी मात्र भाषेची आहे. "हे उदाहरण तुझ्या शब्दांत सांग," एवढे एक वाक्य शिक्षकांनी रोज वापरले, तरी पुष्कळ अडचणी तेथेच दूर होतील.

बाजारातील हिशेब

१९८५ साली ब्राझीलमधील रेसिफे या शहरात तीन संशोधकांनी रस्त्यावर फळे व खाद्यपदार्थ विकणाऱ्या ९ ते १५ वर्षांच्या पाच मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. संशोधक गिऱ्हाईक म्हणून गेले. एक नारळ ३५ क्रुझेरोंना, तर १० नारळ कितीला, असे त्यांनी एका बारा वर्षांच्या मुलाला विचारले. त्याने तीन नारळांचे १०५ धरले, आणखी तीन मिळून २१०, आणखी तीन मिळून ३१५, आणि एकाचे ३५ मिळवून ३५० सांगितले. विक्री करताना या मुलांची सुमारे ९८ टक्के उत्तरे बरोबर आली. पुढे तेच हिशेब शाब्दिक उदाहरणे म्हणून घातले, तेव्हा हे प्रमाण सुमारे ७४ टक्के झाले. नुसती आकडेमोड कागदावर दिली, तेव्हा ते सुमारे ३७ टक्क्यांवर आले. मुले तीच होती आणि हिशेबही तेच होते.

आपल्या देशातही असाच अनुभव आला आहे. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो व त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्ली येथील बाजारांत काम करणाऱ्या १,४३६ मुलांचा व असे काम न करणाऱ्या ४७१ शाळकरी मुलांचा अभ्यास २०२५ साली प्रसिद्ध केला. बाजारातील मुले अवघड व्यवहार तोंडी चोख करीत, पण पुस्तकी पद्धतीची साधी उदाहरणे त्यांना जड जात. शाळकरी मुलांची स्थिती नेमकी उलट होती. एका ठिकाणी मिळविलेली विद्या दुसऱ्या ठिकाणी आपोआप चालत जात नाही. मधला पूल कोणीतरी बांधावा लागतो आणि तो पूल भाषेचा असतो.

मराठीत या पुलाचे साहित्य भरपूर आहे. पाव, निम्मे, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे शब्द म्हणजे तयार अपूर्णांकच आहेत. जुन्या गावठी शाळांतून पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी पाठ करून घेत. त्या पाठांतराचा अतिरेक आज कोणी मागणार नाही. परंतु आठवड्याच्या बाजारात ४० रुपये किलोचे अडीच किलो कांदे घेताना 'दोन किलोचे ऐंशी, अर्ध्याचे वीस, झाले शंभर' असे जे मूल बोलते, त्याला फळ्यावरील अपूर्णांक परके वाटण्याचे कारण नाही. हे दोन्ही एकच आहेत, हे वर्गात कोणीतरी दाखविले पाहिजे.

संख्यांची नावे आणि मुलांच्या अडचणी

भाषा विचाराला जशी मदत करते, तशी काही वेळा वाट अवघडही करते. चिनी भाषेत अकराला 'दहा-एक' आणि बावन्नला 'पाच-दहा-दोन' अशा अर्थाची नावे आहेत. दशक-एककाची रचना नावातच उघड दिसते. केव्हिन मिलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली चिनी व अमेरिकन मुलांची तुलना केली, तेव्हा दहापर्यंत मोजण्यात दोहोंत विशेष फरक आढळला नाही. दहाच्या पुढे मात्र इंग्रजी बोलणारी मुले मागे पडू लागली. म्हणजे फरक मुलांच्या बुद्धीत नव्हता, शब्दांच्या घडणीत होता.

मराठीतील संख्यानामे इंग्रजीहूनही गुंतागुंतीची आहेत. एकक आधी आणि दशक नंतर हा एक भाग झाला. दुसरा भाग असा की, दशकाचे रूप बदलत जाते: पन्नास, बावन्न, छप्पन्न. तिसरी अडचण 'एकोण' ची. एकोणसाठ म्हणताना साठ ऐकू येतात, पण लिहावयाचे ५९. एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत हा नियम चालतो आणि नव्व्याण्णवला मोडतो. मोठ्यांना हे जाणवत नाही, कारण त्यांना ही नावे पाठ आहेत.

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात प्रचलित नावांबरोबरच 'वीस एक', 'पन्नास दोन' अशा संख्यावाचनाची पद्धत देण्यात आली, तेव्हा राज्यभर मोठा वाद झाला. भाषेचे सौष्ठव बिघडेल असे काहींचे म्हणणे होते. मुलांची वाट सोपी होईल असे दुसऱ्या बाजूचे मत होते. तो वाद येथे उकरून काढण्याचे प्रयोजन नाही. 'बावन्न' हा शब्द आपल्या भाषेचा वारसा आहे आणि तो मुलांना आलाच पाहिजे. तो येण्यासाठी त्याची घडण मुलांना उलगडून दाखविली पाहिजे. काड्यांचे दहादहाचे पाच गठ्ठे व दोन सुट्या काड्या हातात देऊन "पाच दशक आणि दोन, म्हणजे पन्नास आणि दोन, म्हणजे बावन्न" असे मुलांकडून म्हणवून घेतले, तर पाटीवरील २५ आणि ५२ यांतील भेद त्यांच्या हाताला, तोंडाला आणि डोळ्यांना एकाच वेळी कळतो.

घरची बोली, शाळेची भाषा

आतापर्यंत ज्या मुलांची घरची भाषा मराठी आहे, त्यांचा विचार केला. मेळघाटातील मूल घरी कोरकू बोलते. गडचिरोलीतील मूल गोंडी किंवा माडिया, यवतमाळकडील मूल कोलामी, सातपुड्यातील मूल भिली किंवा पावरी बोलते. गोंडी व कोलामी या द्रविड कुलातील आणि कोरकू ही मुंडा कुलातील भाषा आहे. मराठीचा व त्यांचा पिंडच निराळा. अशा मुलाला पहिल्या दिवशी गणिताची अडचण आणि भाषेची अडचण एकाच वेळी सोडवावी लागते. ज्या अंतर्वाचेच्या आधाराने ते विचार करते, तिचे शब्द वर्गात कोणालाच कळत नाहीत. ते गप्प बसते आणि त्याच्या गप्प बसण्याचा अर्थ आपण 'काही येत नाही' असा करतो.

या बाबतीत आपल्या राज्याला मोठा वारसा आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य सुरू केले. अनुताई वाघ त्याच सुमारास त्यांना येऊन मिळाल्या. १९५७ साली हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर वारली वस्तीत गेले. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाच्या अंगणात जावे, हा अंगणवाडीचा विचार त्यातूनच पुढे आला. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाल्या. शिंपले, बिया, पाने, खडे ही तेथील शैक्षणिक साधने होती. मुलाच्या हातातील वस्तूपासून आणि त्याच्या तोंडातील शब्दापासून आरंभ करावयाचा, हे तत्त्व त्यांनी प्रत्यक्ष कामातून सिद्ध केले.

कायद्याचाही याला आधार आहे. भाषिक अल्पसंख्याक समाजांतील मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याच्या सोयी असाव्यात, असे संविधानाच्या अनुच्छेद ३५० क मध्ये म्हटले आहे. हा अनुच्छेद १९५६ च्या सातव्या दुरुस्तीने आला. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ मध्ये शक्यतोवर मातृभाषेतून शिक्षण आणि भयमुक्त वातावरणात मुलाला आपले मत मोकळेपणाने मांडता येणे, या दोन्ही गोष्टी एकत्र नमूद केल्या आहेत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही शक्य असेल तेथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेचे माध्यम असावे, अशी शिफारस आहे. घरच्या भाषेतून आरंभ करणे म्हणजे मराठीला बगल देणे नव्हे. पाया घट्ट असला की दुसरी भाषा लवकर येते.

आपण काय करू शकतो?

शिक्षकांनी रोज एका तरी चुकलेल्या उत्तराविषयी "तू कसा विचार केलास?" असे विचारावे आणि मुलाचे उत्तर शेवटपर्यंत ऐकून घ्यावे. बरोबर उत्तराविषयीही कधीकधी हाच प्रश्न विचारावा, म्हणजे हा प्रश्न चूक दाखविण्यासाठी असतो असे मुलांना वाटणार नाही. प्रश्न विचारल्यावर लगेच दुसऱ्या मुलाकडे वळू नये, थोडा वेळ द्यावा. दोन-दोन मुलांना मिळून एक उदाहरण सोडवू द्यावे, म्हणजे पुटपुटण्याला हक्काची जागा मिळेल. आपल्या वर्गातील मुलांच्या बोलीतील शंभरएक शब्द तरी शिक्षकांनी शिकावेत. हे काम दोन महिन्यांचे आहे. त्यासाठी मुलांइतके चांगले शिक्षक मिळणार नाहीत.

शाळा पाहण्यास जाणाऱ्या अधिकाऱ्यांनी वर्ग किती शांत आहे, याबरोबरच मुले किती बोलतात आणि काय विचारतात, याचीही नोंद घ्यावी. पाहणीत ज्या गोष्टीला किंमत मिळते, ती गोष्ट शाळेत रुजते, हा अनुभव जुनाच आहे.

पंचायत सदस्यांचे स्थानही कमी महत्त्वाचे नाही. शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीनचतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला असतात. गावातील जाणती बोली बोलणारी आजी आठवड्यातून एकदा शाळेत येऊन गोष्ट सांगेल, बाजारात बसणारा दुकानदार मुलांना तागडी व मापे हाताळू देईल, अंगणवाडीत मुलांशी भरपूर बोलले जाईल, अशी व्यवस्था समितीला व पंचायतीला सहज करता येईल. याला फारसा पैसा लागत नाही. घरी येऊन मूल प्रश्न विचारू लागले, तर त्याला 'गप्प बस' म्हणू नये, हेही ग्रामसभेत एकदा सांगण्यासारखे आहे.

पुन्हा त्या पाटीकडे वळू. गुरुजींनी फुली मारण्याआधी क्षणभर थांबून विचारले, "बाळ, हे कसं लिहिलंस ते सांग पाहू." मूल म्हणाले, "बा म्हणजे दोन, म्हणून दोन आधी." आता मुलाला नेमके काय शिकवावयाचे आहे, हे गुरुजींना ठाऊक झाले. आपले म्हणणे ऐकले जाते, हे मुलालाही ठाऊक झाले. उद्या पाटीवर ५२ येईल. परवा अडचण आली तर ते मूल उठून उभे राहील आणि आपण होऊन विचारील.